प्रकाशाने प्रथिन मोजताना: प्रयोगशाळेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला बॅच बदलते, प्रश्न मात्र तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत आणि उत्तरं जमेल तितकी सविस्तर दिली आहेत. बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा प्रथिनाचा नसतो, वाटेत शोषल्या गेलेल्या प्रकाशाचा असतो. त्या आकड्यापासून प्रथिनापर्यंत जायची वाट प्रत्येक पद्धतीत वेगळी आहे, कारण प्रत्येक पद्धत प्रथिनाच्या रेणूतलं काहीतरी वेगळं मोजते.

"ओ.डी. 0.5 आली" म्हणजे नेमकं काय आलं?

ओ.डी. म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, शोषणाचा आकडा. क्युव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण भरायच्या चौकोनी पारदर्शक नळीत, शिरलेल्या प्रकाशापैकी किती पलीकडे पोचला, याचं लॉगरिदमच्या भाषेतलं उत्तर आलं. ओ.डी. 1 म्हणजे दहा टक्के प्रकाश पार झाला, 2 म्हणजे एक टक्का, 3 म्हणजे हजारातला एक भाग. 0.5 म्हणजे साधारण 32 टक्के. लॉगरिदम घ्यायचं कारण सोयीचं आहे: असं मोजलं की शोषण आणि संहती, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, एकमेकांच्या सरळ प्रमाणात येतात. प्रथिन दुप्पट, तर ओ.डी. दुप्पट.

हा नियम तीन माणसांनी सव्वाशे वर्षांत मिळून घडवला. पिएर बूगे यांनी 1729 साली, लँबर्ट यांनी 1760 साली आणि बीअर यांनी 1852 साली. बूगे आणि लँबर्ट यांचं काम माध्यमाच्या जाडीबद्दल होतं, संहतीची बाजू बीअर यांच्या नावावर आहे. वहीत लिहायचं सूत्र असं: शोषण = एप्सिलॉन × संहती × प्रकाशाच्या वाटेची लांबी. एप्सिलॉन म्हणजे त्या पदार्थाचं मोलर शोषण, 1 मोलर द्रावणाचं 1 सेंटिमीटर वाटेतलं. नेहमीच्या क्युव्हेटमध्ये ही लांबी 1 सेंटिमीटर असते, म्हणून ती सूत्रातून गायब झाल्यासारखी वाटते. ती विसरू नका, पुढे मायक्रोप्लेटच्या वेळी लागणार आहे.

रीडिंग 2.3 आलं. सरळ गणितात घालू का?

नको. द्रावण पातळ करा आणि पुन्हा घ्या. ओ.डी. 2.3 म्हणजे डिटेक्टरपर्यंत अर्धा टक्का प्रकाश पोचतोय. यंत्राच्या आत इकडेतिकडे परावर्तित होणारा भरकटलेला प्रकाश नेहमीच थोडा असतो. खरा प्रकाश इतका कमी झाला की भरकटलेल्या प्रकाशाचा वाटा मोठा होतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवला जातो. साध्या यंत्रावर 0.1 ते 1 या पट्ट्यात राहणं सर्वांत चांगलं. अगदी 0.02 सारख्या रीडिंगवरही विसंबू नका. क्युव्हेटवरचा बोटाचा ठसासुद्धा तेवढी ओ.डी. देऊन जातो.

प्रथिन तर रंगहीन असतं. मग 280 नॅनोमीटरवर ते प्रकाश कसा शोषतं?

आपल्या डोळ्यांना रंगहीन, अतिनील प्रकाशाला नाही. ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळीत वलयं असतात आणि ती 280 च्या आसपास प्रकाश शोषतात. दोन सिस्टीन जोडून बनलेला डायसल्फाइड बंध अगदी थोडा हातभार लावतो. 280 नॅनोमीटरवर मोलर शोषणाचे प्रचलित आकडे असे आहेत: ट्रिप्टोफॅन 5500, टायरोसिन 1490, डायसल्फाइड बंध 125. बाकीची अमिनो आम्लं इथे जवळजवळ दिसतच नाहीत.

म्हणजे 280 ला आपण प्रथिन मोजत नसतो, ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन मोजत असतो. ही एक गोष्ट नीट बसली की पुढचा निम्मा गोंधळ मिटतो.

"1 ओ.डी. म्हणजे 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली." असं सीनिअरने सांगितलंय. चालेल?

शुद्धीकरणाच्या कॉलममधून कुठल्या नळीत प्रथिन उतरलं एवढंच बघायचं असेल तर चालेल. आकडा म्हणून लिहायचा असेल तर चालणार नाही.

उदाहरण कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या लायसोझाइमचं घेऊ. 129 अमिनो आम्लांचं हे छोटं प्रथिन. त्यात 6 ट्रिप्टोफॅन, 3 टायरोसिन, 4 डायसल्फाइड बंध. बेरीज करा: 33000 + 4470 + 500 = 37970. रेणूभार सुमारे 14300. भागाकार केला की 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. द्रावणाची ओ.डी. साधारण 2.65 यायला हवी असं कळतं, आणि प्रत्यक्षात मोजलेलं मूल्यही 2.64 च्या आसपास आहे. आता बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, आपलं नेहमीचं बीएसए, बघा. 583 अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅन फक्त 2. त्याची 1 मि.ग्रॅ. ला ओ.डी. येते सुमारे 0.66.

समजा लायसोझाइमचं द्रावण तुम्ही दहापट पातळ केलं आणि रीडिंग 0.53 आलं. मूळ द्रावणाची ओ.डी. 5.3. सीनिअरच्या नियमाने उत्तर 5.3 मि.ग्रॅ. प्रति मि.ली., खरं उत्तर 5.3 भागिले 2.64, म्हणजे 2. अडीच पटींहून जास्त चूक, आणि यंत्र, पिपेट, हात सगळं बिनचूक असताना. याच द्रावणावर पुढे एन्झाइमची स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी (दर मि.ग्रॅ. प्रथिनामागची क्रियाशीलता) काढली तर तीही तेवढीच चुकते.

अमिनो आम्लांचा क्रम माहीत असेल तर ही बेरीज दोन मिनिटांत हाताने होते. एकदा तरी हाताने करा. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण ते उत्तर कशाचं बनलंय ते हाताने केल्यावरच कळतं.

माझ्या प्रथिनात ट्रिप्टोफॅनच नाही. आता?

अशी प्रथिनं आहेत. इन्सुलिनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही, चार टायरोसिन आणि तीन डायसल्फाइड बंधांवर ते 280 ला दिसतं. कॅल्मोड्युलिनची अवस्था आणखी बिकट: सस्तन प्राण्यांच्या कॅल्मोड्युलिनमध्ये ट्रिप्टोफॅन शून्य, टायरोसिन दोन, रेणूभार सुमारे 16700. 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. असूनही ओ.डी. 0.2 च्या आतच राहते. जिलेटिनचंही तेच. रीडिंग येत नाही म्हणून "प्रथिन मिळालंच नाही" असं समजून नळी फेकून देण्याआधी क्रम तपासा.

अशा वेळी 205 नॅनोमीटरवर मोजता येतं. तिथे पेप्टाइड बंध स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे सगळी प्रथिनं बरीचशी सारखी वागतात: 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. ला ओ.डी. सुमारे 31. संवेदनशीलता प्रचंड, पण अडचणही तितकीच मोठी. इतक्या कमी तरंगलांबीला अनेक बफर आणि क्षार स्वतःच प्रकाश अडवतात, त्यामुळे अगदी पातळ फॉस्फेट बफर आणि चांगलं यंत्र लागतं. कॉलेजच्या यंत्रावर मी हे करायला सांगणार नाही. रंगाची पद्धत घ्या, म्हणजे प्रथिनाबरोबर रंग देणारं द्रावण घालून तो रंग मोजायची.

प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये 280 ला रीडिंग का घेता येत नाही?

साधं पॉलिस्टायरीन आणि साधी काच अतिनील प्रकाश अडवतात. 280 साठी क्वार्ट्झची क्युव्हेट हवी, किंवा खास अतिनील प्रकाश जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकची. गंमत अशी की चूक लगेच कळत नाही. प्लॅस्टिकच्या क्युव्हेटमध्ये ब्लँक, म्हणजे प्रथिन नसलेलं द्रावण, घेऊन शून्य केलं की यंत्र निमूटपणे शून्य दाखवतं. प्रकाश जवळजवळ पोचतच नसतो, पण आपल्याला ते दिसत नाही. मी एम.एस्सी.ला असताना पूर्ण एक दुपार अशीच घालवली. रीडिंग वरखाली नाचत होतं, मी नवं द्रावण बनवत होते, आणि दोष हातातल्या क्युव्हेटचा होता. तेव्हापासून माझी सवय अशी: आधी रिकाम्या जागेवर, म्हणजे हवेवर शून्य करायचं, मग नुसतं पाणी भरलेली क्युव्हेट ठेवून बघायची. तिचंच रीडिंग 1 च्या वर गेलं तर पुढे जायचं नाही.

क्वार्ट्झ महाग असतं. खरखरीत बाजूंनीच धरा, काचेच्या टोकाचं पिपेट आत घालू नका, काम झालं की लगेच धुवा. वाळलेलं प्रथिन भिंतीला चिकटून बसतं.

260 आणि 280 चं गुणोत्तर कशासाठी बघतात?

डीएनए-आरएनएची भेसळ ओळखण्यासाठी. न्यूक्लिक आम्लं 260 ला जोरात शोषतात आणि त्यांचा उतार 280 पर्यंत येतो. शुद्ध प्रथिनाचं 260 भागिले 280 हे गुणोत्तर 0.6 च्या आसपास असतं, शुद्ध डीएनएचं 1.8. पेशी फोडून काढलेल्या कच्च्या अर्कात ते सहज 1 च्या वर जातं, आणि तिथे 280 चं रीडिंग प्रथिनाच्या नावावर लिहिणं म्हणजे डीएनएलाही प्रथिन म्हणणं.

अंदाजासाठी वॉरबर्ग आणि ख्रिश्चन यांचं जुनं सूत्र आहे: 1.55 गुणिले 280 ची ओ.डी., वजा 0.76 गुणिले 260 ची ओ.डी. समजा 280 ला 0.80 आणि 260 ला 0.90 आलं. 1.24 वजा 0.684, म्हणजे सुमारे 0.56 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. सूत्रातले आकडे एका ठरावीक प्रथिनावरून काढलेले आहेत, म्हणून हा अंदाजच. कच्च्या अर्काला रंगाची पद्धत बरी.

आमच्या कॉलेजात फक्त कलरीमीटर आहे. काय करता येईल?

पुष्कळ काही. महाराष्ट्रातल्या कितीतरी पदवी महाविद्यालयांत फिल्टरवाला कलरीमीटर हेच मुख्य यंत्र आहे आणि त्यावर बाययुरेट आणि लॉरी या रंगाच्या दोन्ही पद्धती उत्तम चालतात. अतिनील भाग सोडा, दृश्य प्रकाशात या.

द्रावण निळं, मग फिल्टर लाल का लावायचा?

द्रावण निळं दिसतं कारण ते लाल-नारिंगी प्रकाश शोषून घेतं आणि निळा सोडून देतं. आपल्याला मोजायचंय ते शोषण. निळा फिल्टर लावला तर निळा प्रकाश आरपार जाईल आणि सगळ्या नळ्यांचं रीडिंग जवळजवळ सारखं येईल. म्हणून लॉरीच्या निळ्या रंगाला 660 चा लाल फिल्टर आणि बाययुरेटच्या जांभळ्या रंगाला 540 चा हिरवा.

बाययुरेट पद्धतीत बाययुरेट घालतात का?

नाही. युरिया तापवला की बाययुरेट नावाचं संयुग तयार होतं. त्याला अल्कलीत तांब्याबरोबर जांभळा रंग येतो, आणि प्रथिनालाही तसाच येतो. म्हणून नाव. प्रत्यक्षात द्रावणात कॉपर सल्फेट, सोडियम हायड्रॉक्साइड आणि तांबं खाली बसू नये म्हणून सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट असतं. तांब्याचा आयन पेप्टाइड बंधांमधल्या नायट्रोजनला धरतो. पेप्टाइड बंध सगळ्याच प्रथिनांत वजनाच्या मानाने जवळपास सारखे असतात, त्यामुळे एका प्रथिनाला झुकतं माप मिळत नाही. या बाबतीत बाययुरेट सर्वांत प्रामाणिक. उणीव एकच, संवेदनशीलता कमी. मिलिग्रॅममध्ये प्रथिन लागतं.

रक्ताच्या रिपोर्टवर "टोटल प्रोटीन" असं लिहिलेलं असतं ना, ते बहुतेक ठिकाणी याच रंगाने मोजलेलं असतं. निरोगी माणसाच्या सीरममध्ये दर 100 मि.ली. मागे साधारण 6 ते 8 ग्रॅम प्रथिन असतं, त्यामुळे कमी संवेदनशीलता आड येत नाही. त्याच रिपोर्टवरचं अल्ब्युमिन मात्र बहुधा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंगद्रव्याने मोजतात.

लॉरी पद्धतीत फोलिनचं द्रावण घातल्याबरोबर ढवळा, असं इतकं बजावून का सांगतात?

कारण फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मक आम्लात टिकतो आणि आपली नळी अल्कलीत असते. अल्कलीत पडल्यावर तो थोड्याच वेळात निकामी व्हायला लागतो. तेवढ्या अवधीत तो प्रथिनाला भेटला पाहिजे. दहा नळ्यांत आधी फोलिन घालून मग निवांत एकेक नळी हलवली तर नळ्यांचा रंग कमीजास्त फिका पडतो, आणि आलेख वाकडा आला म्हणून दोष पिपेटला जातो. एक नळी, फोलिन, लगेच ढवळणं, मग दुसरी नळी. मध्ये सारखं अंतर ठेवा आणि अर्ध्या तासाने त्याच क्रमाने, त्याच अंतराने रीडिंग घ्या.

आणखी एक: बाजारात फोलिन 2 नॉर्मल मिळतं, ते त्याच दिवशी समप्रमाणात पाणी घालून 1 नॉर्मल करायचं. बाटलीतलं द्रावण पिवळं हवं. हिरवट दिसलं तर ते वापरू नका.

ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून 1951 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. विज्ञानाच्या इतिहासात सर्वाधिक वेळा उल्लेख झालेला शोधनिबंध हाच. 2014 सालच्या एका गणनेत हा आकडा 3 लाखांच्या वर गेला होता. त्याच यादीत ब्रॅडफर्ड (यांची पद्धत पुढे येते) यांचा निबंध तिसरा होता. कुठलंही मोठं तत्त्व नाही, नळीत किती प्रथिन आहे ते सांगणारी कृती, आणि तरीही जगभरच्या प्रयोगशाळा तिच्यावर उभ्या राहिल्या. मला याचं फार अप्रूप वाटतं.

सोयाबीनच्या किंवा पालेभाजीच्या अर्कात लॉरीने प्रथिन अवाच्या सवा येतं. का?

फोलिनला प्रथिनच लागतं असं नाही. ते टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनमुळे निळं होतं, पण फिनॉल गटाचं कुठलंही संयुग त्याला चालतं. वनस्पतींत पॉलिफिनॉल भरपूर. खरं तर चहातले किंवा आवळ्यातले फिनॉल मोजायलाही हाच अभिकर्मक वापरतात! म्हणून वनस्पतीच्या अर्कातलं प्रथिन आधी थंड ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाने खाली बसवा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी टाकून द्या, गोळा पातळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा आणि मग लॉरी करा. ज्याच्यात गोळा विरघळवला तेच ब्लँकला घ्या.

ब्रॅडफर्डचं द्रावण आधी तपकिरी असतं आणि प्रथिन घातलं की निळं होतं. आत काय घडतं?

त्यातलं रंगद्रव्य म्हणजे कुमासी ब्रिलियंट ब्लू जी-250. मूळचं हे लोकर रंगवायच्या धंद्यातलं नाव, घानातल्या कुमासी शहरावरून आलेलं. आम्लात हे रंगद्रव्य तपकिरी-तांबूस असतं, त्याचं शोषण 465 नॅनोमीटरला. प्रथिनाला चिकटलं की त्याचं निळं रूप स्थिर होतं आणि शोषण 595 ला सरकतं. मॅरियन ब्रॅडफर्ड यांनी जॉर्जिया विद्यापीठात असताना 1976 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. दोन मिनिटांत रंग येतो, तासभर टिकतो. लॉरीच्या चाळीस मिनिटांपुढे हे सुख आहे.

द्रावण घरी, म्हणजे आपल्याच लॅबमध्ये बनवता येतं: 100 मि.ग्रॅ. रंगद्रव्य 50 मि.ली. 95 टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवा, 100 मि.ली. 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल घाला, पाण्याने 1 लिटर करा, गाळा, गडद बाटलीत ठेवा. जी-250 च हवं. कपाटात शेजारी बहुधा आर-250 असतं, ते जेल रंगवायचं. घाईत हमखास तीच डबी हाताला लागते.

त्याच नमुन्याला ब्रॅडफर्डने 1.1 आणि लॉरीने 2 आलं. खरं कुठलं?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, म्हणून थोडं थांबून.

कुमासी मुख्यतः आर्जिनिनला चिकटतं, थोडंफार लायसिन, हिस्टिडिन आणि वलयवाल्या अमिनो आम्लांना. लॉरीत पेप्टाइड बंधांशी बांधलेलं तांबं आणि टायरोसिन-ट्रिप्टोफॅन यांचा रंग येतो. म्हणजे दोन माणसांनी एकाच गर्दीची मोजणी केली, एकाने टोप्या मोजल्या, दुसऱ्याने चपला. दोघांचीही मोजणी बरोबर आहे. टोप्यांवरून माणसं किती ते काढायला दर माणशी टोप्या किती हे ठाऊक हवं. ते आपण स्टँडर्डकडून, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या प्रथिनाकडून, त्याच्या ओ.डी.चा आलेख काढून उसनं घेतो.

स्टँडर्ड म्हणून सगळे बीएसए घेतात. ब्रॅडफर्डमध्ये बीएसए इतर प्रथिनांच्या मानाने फार जास्त रंग देतं. तेवढ्याच वजनाचं अँटिबॉडीचं, म्हणजे आयजीजीचं, प्रथिन त्याच्या साधारण निम्मा रंग देतं. त्यामुळे अँटिबॉडीचा नमुना बीएसएच्या आलेखावर वाचला तर उत्तर निम्म्यावर येतं. तुमचा नमुना अँटिबॉडीचा असेल तर 1.1 आणि 2 मधला फरक तिथेच उलगडला. उपाय: अँटिबॉडी मोजताना स्टँडर्डही आयजीजीचंच घ्या. बाकी नमुन्यांना जवळचं स्टँडर्ड मिळत नसेल तर बीएसए घ्या, पण वहीत "2 मि.ग्रॅ. प्रति मि.ली." एवढंच लिहून थांबू नका. "लॉरी, स्टँडर्ड बीएसए" हे शब्द आकड्याचा भाग आहेत. ते नसतील तर पुढच्या माणसाला त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

बीसीए कधी घ्यायचं?

बीसीए म्हणजे बायसिंकोनिनिक आम्ल वापरणारी पद्धत. ती घ्यायची नमुन्यात डिटर्जंट असेल तेव्हा. ब्रॅडफर्डला एसडीएस किंवा ट्रायटन थोडंही सोसत नाही, बीसीए बऱ्यापैकी सोसतं. 1985 साली आलेली ही पद्धत बाययुरेटच्याच घराण्यातली. प्रथिन तांब्याचं क्षपण करतं, क्षपण झालेल्या तांब्याच्या एका आयनाला बीसीएचे दोन रेणू धरतात, जांभळा रंग येतो, 562 ला वाचायचा. 37 अंशांवर अर्धा तास पुरतो. रंग पुढेही वाढत राहतो, म्हणून सगळ्या नळ्या एकाच वेळी ठेवा आणि लागोपाठ वाचा. डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल, ग्लुकोज हेही तांब्याचं क्षपण करतात, ईडीटीए तांबंच पळवतं. यातलं काही बफरमध्ये असेल तर बीसीए सोडून ब्रॅडफर्डकडे जा.

निकेल कॉलममधून इमिडाझोलने उतरवलेलं प्रथिन 280 ला मोजलं. ब्लँक पाण्याचा घेतला तर?

इमिडाझोलचं शोषण प्रथिनाच्या खात्यावर पडेल. ब्लँक म्हणजे पाणी नाही, तुमच्या नमुन्यातून प्रथिन वजा केल्यावर जे उरतं ते. इथे 250 मिलिमोलर इमिडाझोलवालं तेच बफर. ट्रायटन एक्स-100 च्या रेणूतही वलय आहे, तेही 280 जवळ शोषतं. जुनं झालेलं डीटीटीही तसंच.

द्रावण किंचित गढूळ आहे. चालेल का?

नाही. गढूळपणातले कण प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात, पण डिटेक्टरला दोन्ही सारखंच: प्रकाश आला नाही. तपासणी सोपी आहे. 320 ते 340 च्या दरम्यान रीडिंग घ्या. साध्या प्रथिनाचं तिथे शोषण नसतं. तिथे 0.05 आलं तर तो गढूळपणा. तरंगलांबी कमी तसं विखुरणं वाढतं, म्हणून 280 ला तो 0.05 पेक्षा जास्तच असणार. नुसतं वजा करून पूर्ण भागत नाही. सेंट्रिफ्यूज करा, वरचं स्वच्छ द्रावण घ्या.

बीएसएचं स्टँडर्ड तोलून 1 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. बनवलं. आता ते 1 च आहे ना?

पावडरीत ओलावा असतो, कधी क्षारही. पावसाळ्यात डबी चार वेळा उघडली की वजनात पाणी मोजलं जातं. क्वार्ट्झची सोय असेल तर त्या द्रावणाची 280 ला ओ.डी. घ्या. 0.66 ऐवजी 0.60 आली तर तुमचं स्टँडर्ड 0.91 आहे, 1 नाही. हा आकडा आलेखात घाला. याला दोन मिनिटं लागतात आणि सगळ्या बॅचचा आलेख सुधारतो.

आलेखावरून 35 आलं. हेच उत्तर ना?

35 काय? परीक्षेत सर्वांत जास्त गुण इथे जातात, म्हणून पायरीपायरीने. आलेखाच्या आडव्या अक्षावर तुम्ही बहुधा "नळीतलं प्रथिन, मायक्रोग्रॅम" लिहिलंय. म्हणजे नळीत 35 मायक्रोग्रॅम होतं. ते आलं कुठून? तुम्ही नळीत घातलेल्या 0.1 मि.ली. नमुन्यातून. म्हणून 1 मि.ली. मध्ये 350 मायक्रोग्रॅम. तो नमुना तुम्ही आधी वीसपट पातळ केला होता, म्हणून मूळ द्रावणात 350 गुणिले 20, म्हणजे 7000 मायक्रोग्रॅम, 7 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. नळीत नंतर घातलेल्या अभिकर्मकाच्या 5 मि.ली. ने गुणायचं किंवा भागायचं नाही; स्टँडर्डच्या नळ्यांतही तेवढंच होतं.

आलेखाच्या टोकापलीकडे रेषा वाढवून उत्तर वाचू नका. ब्रॅडफर्डमध्ये तर मुळीच नाही, तिथे रेषा वरच्या टोकाला आडवी होत वाकते, कारण मोकळ्या रंगद्रव्याचं आणि निळ्या रूपाचं शोषण एकमेकांवर पसरलेलं असतं. 590 आणि 450 या दोन्ही तरंगलांबींना वाचून त्यांचं गुणोत्तर मांडलं की आलेख बराच सरळ होतो. झोर आणि सेलिंजर यांनी 1996 साली दाखवलेली ही युक्ती फार कमी लोक वापरतात.

मायक्रोप्लेट आणि नॅनोड्रॉप यांचे आकडे क्युव्हेटशी जुळत नाहीत.

प्लेटमध्ये, म्हणजे छोट्या खळग्यांच्या ताटलीत, प्रकाश वरून खाली जातो, त्यामुळे वाटेची लांबी द्रावण किती ओतलं यावर ठरते. 200 मायक्रोलिटरला ती सेंटिमीटरच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. स्टँडर्ड त्याच प्लेटमध्ये, त्याच आकारमानात लावलं की हा प्रश्न उरत नाही. नॅनोड्रॉपमध्ये थेंब दोन टोकांमध्ये धरलेला असतो, वाट 1 मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. यंत्र दाखवताना आकडा 1 सेंटिमीटरवर आणून दाखवतं. छोटा थेंब लवकर सुकतो. टाकल्याबरोबर वाचा, आणि दरवेळी नवा थेंब घ्या.

ब्रॅडफर्डसाठी क्वार्ट्झची क्युव्हेट वापरली, ती निळी पडली. काय करू?

कुमासी क्वार्ट्झला चिकटतं. मेथॅनॉल किंवा इथेनॉलने धुतली की बहुतेक निघतं. पुढच्या वेळी प्लॅस्टिकची टाकाऊ क्युव्हेट घ्या, 595 हा दृश्य प्रकाश आहे, क्वार्ट्झची गरजच नाही. एकाच क्युव्हेटमध्ये सगळ्या नळ्या वाचत असाल तर कमी रंगाकडून जास्त रंगाकडे जा.

उरलेली द्रावणं बेसिनमध्ये ओतायची का?

नको. लॉरी, बाययुरेट आणि बीसीए या तिन्हींत तांबं आहे, ते जलचरांना विषारी असतं. त्याची वेगळी बाटली ठेवा आणि लॅबच्या रासायनिक कचऱ्यात द्या. ब्रॅडफर्डमध्ये फॉस्फोरिक आम्ल आहे, ते तांब्याच्या बाटलीत मिसळू नका. हातमोजे घाला. तरीही बोटं निळी झालीच तर साबणाने धुवा. कातडीत प्रथिन आहे, त्यामुळे डाग दोन-तीन दिवस राहतो.